वरची कवळी पडते? आधी खालचा जबडा बघा

ताई, तुमचा प्रश्न लांब होता, तो आधी थोडक्यात मांडतो. आबा निलंगा तालुक्यात गावी असतात, वय ६९. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, तंबाखू 'कमी केलीय'. वरचे सगळे दात तीन वर्षांपूर्वी गेले. खाली समोरचे सहा दात उरलेत, त्यातला एक हलतो. दाढ एकही नाही. मागच्या वर्षी फक्त वरची कवळी करून घेतली. ती तोंडात घातली की बसते, पण घास चावायला घेतला की मागून सुटते. म्हणून आता ती देवळीतल्या स्टीलच्या डबीत पडून आहे. एका डॉक्टरांनी खालचेही सगळे काढून पूर्ण सेट करा म्हणून सांगितलं. दुसरीकडे इम्प्लांटचा, म्हणजे हाडात बसवायच्या धातूच्या खांबांचा, लाखांचा आकडा ऐकलात. आणि भावकीतलं कोणी म्हणालं की जत्रेत अर्ध्या तासात 'फिक्स' दात बसवून देतात. आबांचा स्वतःचा प्रश्न मात्र एवढाच, की यंदाच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाला, भज्जी (भाज्या-शेंगांची मिसळभाजी) आणि उंडा (बाजरीच्या पिठाचा उकडलेला गोळा) खाता येईल का.

मी लातुरात सत्तावीस वर्षं कवळ्याच करतोय. तोंडात न बघता निदान करू नये हे मला कळतं, तरी तुम्ही लिहिलेल्या एका वाक्यावर मी अडखळलो: 'नुसती घातली की बसते, चावताना मागून सुटते.' असं सांगणारा पेशंट आला की मी वरच्या कवळीकडे नंतर बघतो. आधी खाली बघतो.

कारण असं. आबांना खाली दाढा नाहीत. त्यामुळे घास आपोआप पुढच्या सहा दातांवर येतो. ते दात खालून वरच्या कवळीच्या पुढच्या भागाला ढकलतात, आणि कवळी पाटीसारखी पुढून उचलली जाऊन मागून खाली येते. बाजेच्या एका कोपऱ्यावर बसलं की समोरचा कोपरा उचलतो, तसंच. आतली हवाबंद पकड सुटली की कवळी पडलीच. कवळी कितीही चांगली केलेली असो, मागे आधार नसला तर ती असंच वागणार. आणि हे बरीच वर्षं चाललं की वरच्या हिरडीचा पुढचा भाग झिजतो, तिथं हाडाऐवजी लिबलिबीत मांस उरतं, बोटानं दाबलं की हलणारं. त्यावर नवी कवळी बसवणं म्हणजे चिखलात खांब रोवणं. एल्सवर्थ केली नावाच्या दंतवैद्यानं १९७२ साली या सगळ्या बदलांचं वर्णन केलं, तेव्हापासून आम्ही त्याला कॉम्बिनेशन सिंड्रोम म्हणतो. ज्यांनी कवळी केली त्यांचं काम चांगलं की वाईट, हे मी इथून सांगणार नाही. पण खालच्या दाढांची जागा मोकळी ठेवून फक्त वरची कवळी करणं हा अर्धाच उपाय होता. बहुतेक वेळा हा निर्णय डॉक्टरचा नसतोही. 'वरचेच करा, खालचं बघू पुढं' असं पेशंटच म्हणतो, कारण समोरून वरचे दात दिसतात आणि खालच्या दाढा कुणाला दिसत नाहीत.

आता 'खालचे सगळे काढून टाका' या सल्ल्याकडे येतो. इथं मी हट्टी आहे. हलणारा एक दात जात असेल तर जाऊ द्या. बाकीचे, निदान दोन सुळे, शक्य असेल तोवर ठेवा.

दात जिथं रुतलेले असतात त्या हाडाच्या उंचवट्याला मी पेशंटशी बोलताना बांध म्हणतो, शेताचा असतो तसा. दात हे त्या बांधावरचं झाड. झाड उपटलं की बांध ढासळायला लागतो. पहिल्या वर्षात भराभर, मग हळूहळू, पण थांबत कधीच नाही. आणि वरच्यापेक्षा खालचा बांध जास्त झिजतो, साधारण चौपट. हेही १९७२ सालचंच, टालग्रेन या संशोधिकेनं कवळी वापरणाऱ्यांना वर्षानुवर्षं तपासून काढलेलं. वर कवळीला टाळूचा आधार मिळतो, सरासरी २३ चौरस सेंटिमीटर जागा. खाली जीभ मधे असल्यानं कवळी घोड्याच्या नालासारखी, जागा जेमतेम १२ चौरस सेंटिमीटर. वर जीभ नाही, खाली ती दिवसभर वळवळते. म्हणून 'वरची छान आहे डॉक्टर, खालची लई त्रास देते' हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. खालच्या पूर्ण कवळीत पेशंटही दमतो आणि डॉक्टरही.

सुळा हे त्या बांधावरचं सगळ्यात खोल मुळाचं झाड. १९७८ साली क्रम आणि रूनी यांनी पाच वर्षं पेशंट तपासले. खालचे सुळे कापून, मुळं जागेवर ठेवून ज्यांना वरून कवळी दिली त्यांच्या पुढच्या बांधाची उंची सरासरी ०.६ मिलिमीटर कमी झाली. ज्यांचे सगळे दात काढून कवळी दिली त्यांची ५.२ मिलिमीटर. पाच मिलिमीटर म्हणजे किती, तर हाताच्या करंगळीच्या नखाची जवळजवळ निम्मी लांबी. तोंडात एवढ्या फरकानं कवळी बसणार की नाचणार हे ठरतं.

म्हणजे आबांपुढे खरे दोन मार्ग आहेत, आणि दोन्हींत खालचे दात कामाला येतात. ते पक्के असतील, हाडात निम्म्याहून जास्त रुतलेले असतील, तर खाली काढता-घालता येणारी अर्धी कवळी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दाढांची जागा भरणारी आणि उरलेल्या दातांना पकडणारी. दात तेवढे पक्के नसतील, तर दोन सुळ्यांचं रूट कॅनॉल करायचं, हिरडीच्या जरा वर ते गोल घुमटासारखे कापायचे, आणि त्यांच्यावरून खालची पूर्ण कवळी द्यायची. दिसायला पूर्ण कवळी, आतून दोन मुळांवर बसलेली. पेशंटला आणखी एक फायदा होतो, तो पुस्तकात वाचून पटत नाही. मूळ असलं की घास कडक आहे की मऊ हे कळतं. सगळे दात गेलेला माणूस खडा आला तरी उशिरा ओळखतो.

आणि कोणत्याही मार्गानं गेलात तरी वरची कवळी नव्यानं करावी लागेल असं धरून चाला. खालचं चावणं बदललं की वरचे दातही त्याला जुळवून लावावे लागतात. जुनीला आतून नवा थर देऊन भागेल का, हे बघितल्यावर ठरेल.

अर्ध्या कवळीचे तीन प्रकार बाजारात आहेत. गुलाबी प्लास्टिकची, तारेच्या हुकांची, ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त केली जाते. ती पूर्णपणे हिरडीवर टेकते, दातांवर नाही, म्हणून दर घासागणिक खाली रुतते आणि शेजारच्या दातांची हिरडी सोलत जाते. तात्पुरती म्हणून ठीक, दहा वर्षं वापरायला नाही. दुसरी 'फ्लेक्झिबल', नायलॉनसारख्या वाकणाऱ्या पदार्थाची, हुक दिसत नाहीत. लोकांना ही फार आवडते, जाहिरातही हिचीच. माझं मत सांगतो, कुणाला राग आला तर येऊ द्या: एक-दोन दातांसाठी बरी, पण दोन्ही बाजूंच्या सगळ्या दाढा नसताना ती नकोच. घास चावला की ती वाकते, आणि सैल झाली की आतून नवा थर देता येत नाही. तिसरी ओतीव धातूची, कोबाल्ट-क्रोमियमची. पातळ, घट्ट, दातांवर छोट्या टेकूंनी टेकणारी. दात आधी थोडे घासून खाचा कराव्या लागतात, लॅबला काम येणारा माणूस लागतो, खर्च जास्त. आबांचे दात पक्के निघाले तर मी हीच सुचवेन. मात्र इथं एक मेख आहे. दाढांच्या बाजूला ही कवळीसुद्धा शेवटी हिरडीवरच टेकते. वर्ष-दीड वर्षानं मागची हिरडी झिजली की मागचा भाग खाली जातो, आणि पुन्हा समोरचे दात वरच्या कवळीला ढकलायला लागतात. केलीनं तपासलेल्या पेशंटांनाही खाली अर्धी कवळी होतीच. म्हणून दरवर्षी एकदा तपासून, लागलं तर मागच्या भागाला थर द्यायचा. मोटरसायकलची चेन आपण ताणून घेतोच ना.

जत्रेतल्या दातांबद्दल. हे मी रागानं लिहितोय. अर्ध्या तासात 'फिक्स' म्हणजे काय, तर आपोआप कडक होणाऱ्या प्लास्टिकची पूड तिच्या द्रवात कालवून तो लगदा सरळ तोंडात, उरलेल्या दातांना आणि हिरडीला चिकटवायचा, तारेनं बांधायचं आणि त्यात तयार दात खोचायचे. तो लगदा कडक होताना गरम होतो. खालून साफ करायला जागाच राहत नाही. चार महिन्यांनी तोंडाला वास, सहा महिन्यांनी ज्या दातांना बांधलं तेही हलायला लागलेले. सहा दात पक्के असलेला माणूस मी वर्षभरात बिनदाताचा होऊन आलेला बघितलाय. ते प्लास्टिक फोडून काढताना तोंडात जे निघतं त्याचं वर्णन इथं करत नाही. पेशंटची चूक नाही यात. पाचशे रुपयांत दात, तेही न काढावे लागणारे, कोणाला नको असतील? पण आबांना तिकडे जाऊ देऊ नका.

आता इम्प्लांट. ते वाईट नाहीत, उलट ज्याच्या खालच्या जबड्यात एकही दात नाही त्याला दोन इम्प्लांट बसवून त्यावर टिचबटणासारखी अडकणारी कवळी द्यावी, हीच आता पहिली पसंती मानतात. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी तसं म्हटलं. पण आबांच्या तोंडात दोन सुळे आहेत. निसर्गानं फुकट दिलेलेच दोन खांब. ते काढून त्याच जागी टायटॅनियमचे खांब बसवायचे, हे गणित मला पटत नाही. पुढं कधी हे सुळे गेलेच, तर शुगर आटोक्यात असेल आणि तंबाखू सुटली असेल तर इम्प्लांटचा विचार करता येईल. तंबाखू चालू असताना कोणी इम्प्लांट बसवून देतो म्हणाला तर दोन वेळा विचार करा.

तंबाखूवरून आठवलं. आबा फक्त तंबाखू मळतात की गुटखा-सुपारीही होती? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारीनं आखडलेली तोंडं मला रोज दिसतात. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर मापाचा साचा आत घालणंच अवघड होतं, तेव्हा आधी सांगा. आणि गालात, जिभेखाली किंवा हिरडीवर पांढरा चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर कवळीची गोष्ट बाजूला. ती आधी दाखवा, लगेच. 'कवळी लागली असंल' म्हणून सहा-सहा महिने घरी काढणारी माणसं आहेत आपल्याकडे.

काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे 'इतक्या चकरा कशाला' हा प्रश्न येणार नाही. पहिल्या दिवशी तपासणी, एक्सरे, ढोबळ माप. त्या मापावरून लॅबमध्ये आबांच्या तोंडाचाच एक खास ट्रे बनतो. दुसऱ्या खेपेला खरं माप. इथं माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. ट्रेच्या कडेला हिरवी मेणासारखी काडी वितळवून लावायची, तोंडात घालायची आणि पेशंटला ओठ पुढं काढ, गाल आत ओढ, जीभ बाहेर काढ, गिळ असं करायला लावायचं. कवळीची कड किती लांब हवी हे त्या हालचाली ठरवतात. कड आखूड राहिली तर हवा शिरते, लांब झाली तर जखम होते. एक पाटीलबुवा दर वेळेला जीभ काढायला सांगितली की लाजायचे, 'बाईमाणूस बघायलंय' म्हणायचे, म्हणजे माझी असिस्टंट. शेवटी तिला बाहेर थांबवलं तेव्हा माप झालं.

वरची कवळी टाळूला चिकटते ती कसल्या डिंकानं नाही. ओल्या फरशीवर सपाट बुडाची स्टीलची थाळी ठेवा, सरळ वर उचलायला गेलात तर निघत नाही. मधल्या पाण्याच्या पातळ थरानं धरलेली असते. तोंडात ते काम लाळ करते, आणि कडेनं हवा आत येऊ न देणं हे मापाचं काम. म्हणून ज्यांचं तोंड कोरडं पडतं त्यांची चांगली कवळीही सुटते. शुगर वाढलेली असेल, किंवा रक्तदाबाच्या, झोपेच्या, नैराश्याच्या काही गोळ्या चालू असतील तर लाळ कमी होते. आबांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं येताना बरोबर आणा. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, मला फक्त कळलं पाहिजे.

तिसऱ्या खेपेला दोन जबड्यांमधलं अंतर आणि चावण्याची जागा ठरवायची. मेणाच्या उंचवट्यांवर हे होतं. हे अंतर जास्त झालं की बोलताना दात टकटक वाजतात आणि संध्याकाळपर्यंत जबडा दुखतो. कमी झालं की ओठ आत जातात, माणूस आणखी म्हातारा दिसतो, तोंडाच्या कोपऱ्यांत लाळ साचून चिरा पडतात. इथं घाई करणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवू नका. चौथ्या खेपेला मेणात लावलेले दात तोंडात घालून बघायचे. ही खेप लोक चुकवतात, 'तुम्हीच बघून घ्या डॉक्टर' म्हणतात. चुकवू नका, आणि त्या दिवशी आईंना बरोबर आणा. कारण आरशात स्वतःला बघून माणसाला काही कळत नाही, बायकोला कळतं. औशाकडची एक आजी मेणातले दात बघून नवऱ्याला म्हणाली होती, 'हे आमचं माणूस न्हाई. ह्यांचा एक दात जरासा तिरपा होता.' आम्ही तो तिरपा लावला. आजोबांनी दुसऱ्या दिवशीपासून कवळी काढलीच नाही. शक्य असेल तर आबांचा दात असतानाचा हसरा फोटो आणा, लग्नाचा असला तर उत्तम, फक्त आपल्याकडे लग्नाच्या फोटोत नवरदेव हसत नाही ही अडचण आहे.

रंगाचं एक. सगळ्यांना दुधासारखे पांढरे दात हवे असतात. ६९ वर्षांच्या, उन्हात राबलेल्या चेहऱ्यात ते लांबून कवळी म्हणून ओळखू येतात. आबांचे खालचे दात जर बोअरच्या फ्लोराइडच्या पाण्यानं पिवळट-तपकिरी झाले असतील, तर वरचे त्यांच्या जरा जवळ जाणारेच घ्यावेत.

पाचव्या खेपेला कवळी मिळते. मधल्या काळात लॅबमध्ये मेण वितळवून त्या पोकळीत ॲक्रिलिक भरतात आणि गरम पाण्यात कित्येक तास शिजवतात. हे प्लास्टिक दातांच्या कामात गेल्या शतकाच्या तिशीत आलं. त्याआधी कवळ्या काळपट-तांबड्या कडक रबराच्या असत. जुन्या माणसांच्या पेटीत अशी एखादी अजून सापडते.

कवळी मिळाली म्हणजे काम संपलं असं समजून बरेच जण गावी जातात आणि परत येत नाहीत. इथंच खरं बिघडतं. पहिल्या २४ तासांत पुन्हा दाखवायचं, मग आठवड्यानं. कुठं तरी टोचणार, लाल होणार, ते मी बघून घासणार. घरी कानशीनं किंवा चाकूनं घासायची नाही. एका पेशंटनं ट्रॅक्टरच्या पान्याबरोबर आलेल्या कानशीनं घासली होती, कड दोन ठिकाणी संपली. आणि तपासायला येण्याच्या आदल्या दिवशी दुखत असली तरी काही तास घालून या, म्हणजे नेमकं कुठं लागतंय त्याची खूण हिरडीवर दिसते. दुखतंय म्हणून चार दिवस काढून ठेवली आणि मग आलात तर खूणच नसते.

शिकायला वेळ लागतो, सहा ते आठ आठवडे. पहिले दोन-तीन दिवस तोंडात लाळ सुटते, मेंदूला वाटतं काही खायला आलंय. मळमळतं. ते जातं. 'स', 'श', 'फ' नीट येत नाहीत. त्याला उपाय म्हणजे मोठ्यानं वाचणं. आबा हरिपाठ म्हणत असतील तर रोज संध्याकाळी कवळी घालून, सावकाश, मोठ्यानं म्हणू द्या. पेशंटना जिभेचे व्यायाम सांगितले तर कोणी करत नाही, हरिपाठ सांगितला तर सगळे करतात.

चावण्याचं एक साधं गणित लक्षात ठेवा. स्वतःच्या दाढेनं माणूस साधारण २० किलोचा जोर लावतो. पूर्ण कवळीनं सहा-सात किलो. म्हणजे भुकेचं, चवीचं, तब्येतीचं सगळं परत येतं, पण ऊस सोलून खाणं येत नाही. तसं वचन जो देतो तो खोटं बोलतो. पहिला आठवडा वरण-भात, खिचडी, भिजवलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला. मग ज्वारीची भाकरी कालवणात मोडून. घास छोटा, आणि एका गालात न घेता दोन्हीकडे वाटून चावायचा, म्हणजे कवळी तरंगत नाही. पुढच्या दातांनी तोडायचं नाही, हातानं तुकडा करायचा. खाली अर्धी किंवा पूर्ण कवळी असेल तर जीभ मागं ओढून बसायची सवय मोडा. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांना टेकलेलं असलं की खालची कवळी जागेवर राहते. हुरडा चालतो, कोवळा असेल तर. फक्त त्याचा एखादा दाणा, तिळाचा, पेरूच्या बीचा कण कवळीखाली गेला की डोळ्यात पाणी येतं. तेव्हा उठून काढून धुवून परत घालायची, पंगतीत लाजायचं नाही.

साफ करायला मऊ ब्रश आणि साधा साबण. टूथपेस्टनं ओरखडे पडतात, त्यात घाण बसते. धुताना खाली पाण्याचं भांडं किंवा ओला टॉवेल ठेवा, निसटून फरशीवर पडली की दोन तुकडे. उकळतं पाणी नको, कवळी वाकडी होते. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यामुळे कवळीवर पांढरट क्षार बसतात, बादलीच्या काठाला बसतात तसे. आठवड्यातून एकदा पाण्यात थोडं व्हिनेगर घालून काही वेळ ठेवली की ते मऊ होतात, मग ब्रशनं निघतात. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या कवळ्या काळ्या होऊन येतात. मिश्री सोडा म्हणून मी सांगत आलोय, पण त्या 'आता दातच न्हाईत तर काय लागतंय' म्हणून हिरडीला लावतात. लागतं. हिरडीलाच लागतं.

रात्री कवळी काढून ठेवायची आणि पाण्यात ठेवायची. हिरडीला रात्रभर मोकळी हवा आणि लाळ मिळाली पाहिजे. जे रात्रंदिवस घालून ठेवतात त्यांची टाळू लालभडक होते, ती कँडिडा नावाच्या बुरशीनं. शुगरवाल्यांना जास्त. दुखत नाही म्हणून कळत नाही. औषध आहे, पण रात्री काढली नाही तर परत येते. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं, तेव्हा एका आजीला मी सवयीनं 'रात्री पाण्यात ठेवा' म्हणालो. ती हसली. 'डॉक्टर, आमालाच पाणी न्हाई, ह्या दाताला कुठून आणू?' मग आम्ही ठरवलं, अर्धी वाटी पुरे, आणि सकाळी ते पाणी तुळशीला. कोरडी ठेवू नका एवढंच. डबीत वर्षभर कोरडी राहिलेली कवळी थोडी वळलेली असू शकते, आबांची तशी असण्याची शक्यता आहे.

कवळी चिकटवायची पेस्ट किंवा पूड मिळते. लग्नात, बाहेरगावी, वाटाण्याएवढी लावायला हरकत नाही. रोज अर्धी ट्यूब लागत असेल तर कवळी सैल आहे, पेस्ट हा उपाय नाही. सैल कवळी वर्षानुवर्षं वापरली की कडेला मांसाची घडी वाढते, ती कापावी लागते. दोन-तीन वर्षांनी आतून नवा थर, आणि पाच-सात वर्षांनी नवी कवळी, असं धरून चाला. 'वीस वर्षं झाली, अजून तीच आहे' असं अभिमानानं सांगणाऱ्यांची हिरडी मी बघितलीय.

खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, लातूर-नांदेडलाही दंत महाविद्यालयं आहेत. तिथं शिकणारी मुलं वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. चकरा जास्त पडतात, पण एकेक पायरी तपासली जाते, आणि खर्च खाजगीपेक्षा बराच कमी. धातूची कवळी परवडत नसेल तर खाली प्लास्टिकची करूनही चालेल, मात्र मग दर सहा महिन्यांनी दाखवायचंच. सल्ला कुठंही घ्या, एक प्रश्न नक्की विचारा: 'खालचे सुळे ठेवता येतील का, आणि नसतील येत तर का?' जो एक्सरे दाखवून उत्तर देईल त्याच्याकडून करून घ्या.

राहता राहिली येळवस. ती मार्गशीर्षातल्या अमावास्येला. हलणारा दात काढला तर ती जखम भरायला सहा-आठ आठवडे, कवळीच्या पाच खेपांना महिनाभर, मग शिकायला दोन महिने. म्हणजे श्रावण लागायच्या आत सुरुवात केलीत तर जमतं. शेतात खोपीपुढं बसून खायची भज्जी मऊच असते, ती पहिल्या दिवसापासून जाईल. अंबिलाला तर दातही लागत नाहीत. बाजरीचा उंडा मात्र आबांनी भज्जीत चांगला कुस्करून घ्यावा. आणि येताना ती डबीतली कवळी फेकू नका, ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. जुनी कवळी बघून मला अर्धा आजार कळतो.